जांभ्या चिऱ्याची जुनी शाळा: ईटॅब्समध्ये खिडकीच्या कोपऱ्यात दिसणारा ताण खरा धरायचा का?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका जुन्या बैठ्या शाळेची भूकंपाच्या दृष्टीने तपासणी चालू आहे. तीन वर्गखोल्या एका ओळीत, प्रत्येक आतून ६ बाय ६ मीटर. सगळ्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, ३८० मिमी जाड, चुन्याच्या मालात. वळचणीपर्यंत उंची ३.६ मीटर, तिथून आढ्यापर्यंत आणखी १.९. चारही आडव्या भिंती (दोन टोकांच्या आणि खोल्यांमधल्या दोन) आढ्यापर्यंत त्रिकोणी चढवल्या आहेत आणि आढं, लगी त्यांच्यावरच टेकल्या आहेत. वर वासे आणि मंगळुरी कौलं. काँक्रीटचा पट्टा कुठेच नाही, दार-खिडक्यांवर सागवानी लाकूड. समोरच्या भिंतीत दर खोलीला मधोमध एक दार (१.१ बाय २.१) आणि दोन्ही बाजूंना एकेक खिडकी (१.२ बाय १.२). कोपऱ्यात ६०० मिमी भिंत उरते, दार आणि खिडकीच्या मधे ६५०. मागच्या भिंतीत दर खोलीला दोन खिडक्या.

ईटॅब्स या इमारत-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंती शेल (पातळ पत्र्यासारखे घटक) घेतल्या, ई (लवचिकता गुणांक) २००० न्यूटन प्रति चौ. मिमी, वळचणीच्या पातळीला रिजिड डायफ्राम, म्हणजे सगळ्या भिंतींना एकत्र धरणारं ताठ छप्पर. भूकंप झोन ३, महत्त्व गुणांक १.५, आर (बळ कमी करणारा भाजक) १.५. तीन गोष्टींवर अडलोय.

खिडकीच्या कोपऱ्यात ताण येतो. जाळी, म्हणजे गणितासाठी केलेले भिंतीचे तुकडे, ६०० मिमीची असताना ०.१८ न्यूटन प्रति चौ. मिमी होता, ३०० ला ०.३१ झाला, १५० ला ०.४६. यातला धरायचा कुठला?

दुसरं, ६० मोड (कंपनाचे आकार) घेऊनही त्यांत भाग घेणारं वस्तुमान ५८ टक्क्यांवर अडकतंय.

तिसरं, सरासरी कातरताण फक्त ०.०४६ येतोय. आयएस १९०५ या भिंत-बांधकामाच्या संहितेत ०.१ पासून सुरुवात आहे, म्हणजे कातर पास. मग वर स्लॅब टाकून दोन खोल्या चढवायला हरकत नाही, असं शाळा समितीचं म्हणणं आहे. खरं मला ते पटेना.

ओळंबा

पटत नाही तेच बरोबर आहे सर. आधी ताणाचं बघू.

तिन्ही आकडे सोडून द्या. खिडकीचा आतला कोपरा म्हणजे रेषीय सिद्धांतात ताण अनंताकडे जाण्याची जागा. जाळी बारीक कराल तसा आकडा वाढतच जाणार, ७५ मिमी केलीत तर आणखी वर जाईल. रंगीत चित्रात लाल दिसतं ते भिंतीचं दुखणं नसून गणिताचं आहे. शिवाय साधा शेल ओढीचा ताण घेतो, चुन्यातली भिंत घेत नाही. आयएस १९०५ चांगल्या सिमेंट मालालाही आडव्या दर्जेवर (थरांमधल्या सांध्यावर) फक्त ०.०७ देतं, चुन्याला शून्यच धरा. म्हणजे मॉडेलमध्ये जो भाग ओढीत आहे तो प्रत्यक्षात उघडलेला आहे आणि त्याच्या वाट्याचं बळ दुसरीकडे गेलेलं आहे. रेषीय मॉडेलला हे कळत नाही.

ताण वाचायचाच असेल तर बिंदूवर वाचू नका. प्रत्येक खांबाला, म्हणजे दार-खिडक्यांच्या दोन उघड्यांमधल्या भिंतीच्या तुकड्याला, ईटॅब्समधलं पिअर लेबल द्या आणि त्याच्या वरच्या-खालच्या छेदावरचा अक्षीय भार, कातर आणि मोमेंट काढा. हे बेरजेचे आकडे जाळी बदलली तरी फारसे हलत नाहीत. मग तो छेद हाताने तपासा.

डायफ्राम काढून टाका. कौलारू छप्पर रिजिड नसतं. वासे भिंतीवरच्या लाकडावर ठेवलेले असतात, फार तर खिळे. रिजिड दिलंत की सॉफ्टवेअर बळ ताठपणाच्या प्रमाणात वाटतं. तुमची मागची भिंत भरीव, म्हणून ती जास्त ओढून घेते आणि समोरची, दार-खिडक्यांनी पोखरलेली, कागदावर सुटते. प्रत्यक्षात समोरच्या भिंतीला एकूण बळाचा अर्धा वाटा एकटीलाच घ्यावा लागतो. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला जाते.

मोड अडकतात कारण भिंतीचे भाग सुटेसुटे हलतात. डायफ्राम काढल्यावर तर आणखी बिघडेल, कारण प्रत्येक भिंत, प्रत्येक त्रिकोण वेगवेगळा हलणार. मोड काढायच्या आयगेन पद्धतीऐवजी रिट्झ मोड घ्या, सुरुवातीचा भार म्हणून दोन्ही दिशांचं त्वरण द्या, ९० टक्के लवकर गाठाल. नाहीतर बैठ्या इमारतीला समतुल्य स्थिर पद्धत पुरते. कंपनाचा कालावधी ०.०९ गुणिले उंची भागिले पायाच्या लांबीचं वर्गमूळ: आडव्या दिशेला ०.१२५ सेकंद, लांब दिशेला ०.०७. स्थिर पद्धतीत ०.४ सेकंदापर्यंत त्वरणाचा गुणक सरळ २.५ आहे, जमीन मुरमाची असो की काळी.

म्हणून ई व्हॅल्यूवरही फार भांडू नका. २००० जास्तच आहे, विटांच्या बांधकामाला ५५० गुणिले प्रिझमची ताकद असा अंदाज आपल्याकडे वापरतात आणि त्या हिशोबाने जुन्या चुन्यातलं काम बरंच खाली येतं. पण ई निम्मा केला तरी तुम्ही त्या सपाट २.५ वरच राहता. बळ तेच, फक्त सरकणं दुप्पट.

गुणिया

ओळंबा सरांनी मॉडेल सांगितलं, मी वही-पेन्सिलीचं सांगतो. हे मॉडेलच्या आधी करायचं असतं.

भिंतीचं निव्वळ घनफळ, त्रिकोण धरून आणि उघड्या वजा करून, सुमारे ८७ घनमीटर. चिऱ्याच्या बांधकामाला २० किलोन्यूटन प्रति घनमीटर धरले तर १७३५. छप्पर १२०. एकूण १८५५ किलोन्यूटन. भूकंपाचा गुणांक: झोनचे ०.१६ भागिले २, गुणिले महत्त्वाचे १.५ भागिले आरचे १.५, गुणिले २.५, म्हणजे ०.२०. पायाशी बळ ३७१ किलोन्यूटन. सुरक्षित बाजूने सगळंच वजन घेतलंय.

लांब दिशेला खिडकीच्या पातळीवर समोर ९.०२ मीटर भिंत उरते, मागे १२.३२. दोन्ही मिळून ८.११ चौ. मीटर, त्यातून तुमचे ०.०४६ येतात. बरोबर. आता डायफ्राम नाही म्हणून समोरच्या भिंतीला निम्मं, १८५ किलोन्यूटन. क्षेत्र ३.४३ चौ. मीटर. ताण ०.०५४. अजूनही ०.१ च्या आत, म्हणजे पास वाटतं.

खरी फसगत पुढे आहे. दार आणि खिडकीच्या मधला तो ६५० मिमीचा खांब घ्या. त्याच्या वाट्याला ०.०५४ गुणिले ६५० गुणिले ३८०, म्हणजे १३.३ किलोन्यूटन आडवं बळ. त्याच्यावर उभा भार किती? वरची भिंत, छप्पर, स्वतःचा अर्धा भाग, सगळं मिळून ३० किलोन्यूटन. परिणामी उंची दार आणि खिडकीच्या मधली, १.६५ मीटर. खांब दोन्ही टोकांना घट्ट धरला तरी डोलायला लागण्याचं बळ ३० गुणिले ०.६५ भागिले १.६५, म्हणजे ११.८. टाच चिरडते त्याची वजावट करा: भिंतीची ताकद १.० न्यूटन प्रति चौ. मिमी धरली तर गुणक ०.८६. हाती उरले १०. कर्ण तड्याचं (तिरक्या भेगेचं) बळ तुर्नशेक-चाचोविचच्या सूत्राने, चुन्याची कातरताकद ०.०३ धरून, १४ येतं.

म्हणजे खांब कातरून फुटायच्या आधी डोलतो, आणि १३.३ ला १० पुरत नाहीत. कातरताण बघून पास म्हणणं इथे लागूच नाही. बैठ्या कौलारू इमारतीत वर वजन कमी, म्हणून हे नेहमीचं. आणि वरचं लाकूड दोन खांबांना एकमेकांशी बांधत नाही, त्यामुळे ‘दोन्ही टोकं घट्ट’ हे गृहीतकही उदारच. खांब एकटा उभा धरला तर १० चे ५ होतात.

हे शेवटचं उत्तर नव्हे. कोपऱ्यातले खांब आडव्या भिंतीला सांधलेले आहेत, ते जास्त बळ घेतील आणि मधल्यांना थोडं सुटेल. खरं दिशा कळाली.

आयएस ४३२६ या भूकंपरोधक बांधणीच्या संहितेप्रमाणे झोन ३ मधली शाळा ड वर्गात जाते. उघड्यांच्या रुंदीची बेरीज भागिले आतली लांबी: ३.५ भागिले ६, म्हणजे ०.५८. बैठ्या इमारतीला मर्यादा ०.५०, दुमजलीला ०.४२. खांबाला किमान ५६० लागतात ते आहेत, कोपऱ्याला ४५० लागतात तेही आहेत. बेरीजच नापास. वरच्या मजल्याचं उत्तर इथेच मिळालं की.

चिरेखाण

आकडेमोड झाली, माल कोण बघणार? चिऱ्याची ताकद खाणीगणिक बदलते, एकाच खाणीत वरचा थर आणि खालचा थर वेगळा. जांभ्या चिऱ्याचं मानक आयएस ३६२० किमान ३.५ न्यूटन प्रति चौ. मिमी मागतं. जुन्या शाळेतला चिरा इतकी वर्षं हवा खाऊन कठीण झालेला असतो, पण चौथऱ्याजवळचा आणि पावसाच्या तोंडची भिंत वेगळी बघा.

चिरा कोरडा आणि भिजलेला असा दोन्ही तपासा. जांभ्यात भोकं असतात, पाणी शिरलं की ताकद चांगलीच उतरते आणि खानापूरकडे पावसाळ्यात भिंत भिजलेलीच असते. मॉडेलमध्ये भिजलेल्याचा आकडा घाला. नमुना दाबताना वर-खाली कॅपिंग (सपाट थर) करा. खरबरीत पृष्ठ तसंच यंत्रात घातलं तर कोपरे फुटतात आणि आकडा उगाच कमी येतो. वजनही धरून चालू नका, चार चिरे काट्यावर ठेवा आणि मापं घ्या. २० ऐवजी २३ निघाले तर बळ त्याच प्रमाणात वाढतं.

रिबाउंड हॅमर घेऊन येणारे येतील. काँक्रीटचं यंत्र ते, सच्छिद्र चिऱ्यावरच्या वाचनाला अर्थ नाही. त्यापेक्षा दर्जेत खिळा खुपसून बघा, चुना बोटाने भुरभुरतो का बघा. जमल्यास एका चिऱ्याच्या एका बाजूची दर्ज मोकळी करून, दुसरीकडे छोटा जॅक लावून तो सरकवायची चाचणी करा. दर्जेची कातरताकद थेट मिळते. तुम्ही धरलेले ०.०३ तिथूनच यायला हवेत.

आणि दोन खोल्यांच्या मधली भिंत लांब भिंतीला खरंच दातेरी सांधलीय का, ते गिलावा फूटभर काढून बघा. कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत सरळ दर्ज दिसली तर मॉडेलमधले ते नोड (जोडबिंदू) जोडलेले ठेवू नका. शेल एकमेकाला लागले की ईटॅब्स ते जन्माचे चिकटलेले मानतं.

ता. क. खात्याच्या कन्नड अंदाजपत्रकात ‘जंबिट्टिगे’ लिहिलेलं असतं ते हेच. एकदा ते वीट समजून विटेचे गुणधर्म भरलेलं मॉडेल इथे आलं होतं, म्हणून सांगितलं.

मलप्रभाकाठ

भरपूर शिकायला मिळालं. डायफ्राम काढला. आता लांब भिंतीचं वरचं टोक मधोमध बाहेर झुकताना दिसतंय, आणि त्रिकोणी भिंती तर त्याहून जास्त. हे खरं असतं की मॉडेलचा खेळ? आणि नॉनलिनिअर पुशओव्हर, म्हणजे मॉडेल फुटेपर्यंत हळूहळू आडवं ढकलून बघायचं विश्लेषण, करावा का?

ओळंबा

हे खरं आहे, आणि या इमारतीत पहिला धोका हाच. भिंत स्वतःच्या पातळीतून बाहेर पडते. आधी हाताने: सुट्या उभ्या भिंतीला डोलायला लावणारं त्वरण म्हणजे जाडी भागिले उंची, ०.३८ भागिले ३.६, म्हणजे ०.१०६ जी (गुरुत्व त्वरणाच्या पटीत). झोन ३ चा गुणांक ०.१६. म्हणजे ६ मीटरच्या मधल्या भागात, जिथे आडव्या भिंतींचा आधार पोहोचत नाही, भिंत डोलायला लागणार. डोलली म्हणजे पडलीच असं नाही, पडायला माथा जवळजवळ जाडीइतका सरकावा लागतो. पण वासे तिच्यावर नुसते ठेवलेत, ते त्याच्या कितीतरी आधी सुटतील.

त्रिकोण: गुरुत्वमध्य तळापासून १.९ भागिले ३, म्हणजे ०.६३ मीटरवर. अर्धी जाडी ०.१९. भागाकार ०.३०. पण तो जमिनीवर नाही, वळचणीवर उभा आहे, तिथे हादरा वाढून पोहोचतो. अडीचपट धरला तर ०.४०. म्हणजे त्रिकोणही डोलणार. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा समज निघाला पाहिजे होता. तिथल्या दगड-मातीच्या भिंती चांगल्या जाड होत्या, पण आतला आणि बाहेरचा थर आरपार दगडाने बांधलेला नव्हता आणि वर मातीचं जड धाबं होतं. थर सुटले, वजन खाली आलं. तुमच्या ३८० च्या भिंतीत चिरा आडवा आरपार बसवलाय की दोन थर उभे केलेत, हे एका ठिकाणी उकरून बघाच. दोन थर सुटे निघाले तर भिंत बाहेर पडण्याच्या या हिशोबात ३८० ची जागा १९० घेईल.

पुशओव्हर करा, पण तीन गोष्टी सांभाळून. गुरुत्वभाराची नॉनलिनिअर केस आधी चालवा आणि पुशओव्हर तिच्या शेवटापासून सुरू करा. शून्यापासून सुरू केलं तर खांबावर दाब नसतो आणि भिंतीची ताकदच नाहीशी होते, उत्तर हास्यास्पद येतं. दुसरं, लेयर्ड शेलमध्ये (थरांच्या नॉनलिनिअर शेलमध्ये) ओढीची ताकद शून्य भरली की गणित जुळेना होतं, ०.०२ सारखं काहीतरी ठेवा आणि दुप्पट करून निकाल बदलतो का बघा. तिसरं, लवचिक छपराच्या इमारतीला एकच कंट्रोल नोड (सरक मोजायचा बिंदू) चालत नाही. समोरची भिंत वेगळी ढकला, मागची वेगळी.

खांब, वरची पट्टी आणि मधले ताठ सांधे अशी समतुल्य चौकट केलीत तर काम हलकं होतं, थ्रीमुरी हे सॉफ्टवेअर याच पद्धतीवर चालतं. मर्यादा युरोकोड ८ च्या तिसऱ्या भागातल्या घेता येतील: कातरून फुटणाऱ्या खांबाला ०.४ टक्के सरक, डोलणाऱ्याला ०.८ टक्के गुणिले उंची-रुंदीचं प्रमाण (उंची शून्य मोमेंटच्या बिंदूपर्यंतची). खरं लक्षात ठेवा, ही चौकट फक्त भिंतीच्या पातळीतलं बघते. पातळीबाहेरचं तिला दिसतच नाही. तिने पास केलेली भिंत बाहेर पडू शकते.

गुणिया

उपायाचे आकडे. वळचणीला चारही बाजूंनी आणि आडव्या भिंतींवरूनही सलग काँक्रीट पट्टा, ७५ मिमी. ६ मीटर अंतराला आणि ड वर्गाला १० मिमीच्या दोन सळ्या, ६ मिमीचे आडवे तुकडे १५० वर. कौलं उतरवायची वेळ येईल तेव्हा हे एकत्र करा, वासे धरायचे बोल्ट काँक्रीट ओतायच्या आधी रोवून ठेवा. त्रिकोणाच्या उतारावरही तसाच पट्टा, खालच्या पट्ट्याला सांधलेला.

काम बिघडतं ते कोपऱ्यात. सळी कोपऱ्यापर्यंत आणून कापतात आणि दुसरी तिथून सुरू करतात. सळी वळवून दुसऱ्या भिंतीत शिरली पाहिजे आणि लॅप (दोन सळ्यांची जोड) कोपऱ्यापासून लांब, भिंतीच्या सरळ भागात यायला हवा. ओतायच्या आधी चारही कोपऱ्यांचे फोटो मागा.

समोरच्या खिडक्या १.२ वरून ०.९ करा, भरताना खांबाच्या बाजूने. बेरीज २.९ होते, प्रमाण ०.४८, बैठ्याला पास. मधला खांब ९५० मिमीचा होतो. त्याचं डोलण्याचं बळ १७, वाट्याचं बळ १६. आर १.५ ठेवूनच. भरणी एकाआड एक थरात दातेरी घुसवली तरच हे खरं. नुसती दर्ज लावून भरलीत तर ६५० चा खांब आणि त्याला टेकलेला ३०० चा तुकडा, एवढंच होतं.

चिरेखाण

एक आक्षेप. पट्टा घातला म्हणून आर २.० घेऊन बळ चौथा भाग कमी करणारे हिशोब फिरतात. संहितेतला २.० हा पट्टे धरून आखलेल्या बांधकामाचा आहे. जुन्या चुन्याच्या भिंतीवर डोक्याला एक पट्टा बांधून खालचा चुना बदलत नाही. गुणिया सरांनी १.५ ठेवला ते योग्य.

गुणिया

मान्य. लिंटेललाही पट्टा आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या असत्या तर वाद घातला असता.

मलप्रभाकाठ

समिती आता म्हणते, जुन्या भिंतींना हात न लावता आतून काँक्रीटचे खांब उभे करू आणि स्लॅब त्यांच्यावर टाकू. भिंतीवर वजन येत नाही ना?

ओळंबा

उभं वजन येत नाही, आडवं बळ येतं. चिऱ्याची भिंत त्या खांबांपेक्षा कितीतरी ताठ. स्लॅब हलायला लागला की खांबाचं बळ सुरू व्हायच्या आधी भिंत ते घेते आणि फुटते, मग फुटलेली भिंत खांबावर रेलते. वेगळंच ठेवायचं तर स्लॅब, खांब आणि जुनी भिंत यांच्यात सगळीकडे मोकळी फट लागेल, दोन्हींचं सरकणं मिळून निघेल तेवढी. मग जुन्या भिंतीच्या माथ्याला आधार उरत नाही, आणि तिचा ०.१०६ चा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. शिवाय आतल्या खांबांचा पाया जुन्या पायाला लागून खणावा लागणार, चुन्याच्या भिंतीच्या मुळाशी. दोन खोल्या मागच्या मोकळ्या जागेत बैठ्याच बांधा, जुन्या इमारतीपासून सुट्या. जुनीला पट्टा आणि खिडक्या. समितीपुढे मॉडेलची रंगीत चित्रं नेऊ नका, ०.५८ आणि ०.४२ हे दोन आकडे आणि त्या खांबाचे १३ आणि १० एवढंच कागदावर न्या.

मलप्रभाकाठ

तसंच करतो. उद्या मधल्या भिंतीच्या सांध्याचा गिलावा काढणार आहे, दाते आहेत की सरळ दर्ज ते इथे टाकतो.

चिरेखाण

नुसता वळचणीखालीच काढून थांबू नका, जोत्यापासून फूटभर वर आणि मधेही एकदा काढा. खालचे थर नीट सांधून वरचे घाईत चढवलेले असतात.